भरल्या नदीची वेळ

सातवा दगड आला तेव्हा आत्याच्या बुटाची नाडी तिसऱ्यांदा सुटली होती आणि भाचीची विनवणी दहाव्यांदा सुरू झाली होती.

"आता तरी टेक जरा. धरणापासून सात किलोमीटर झाले. बाहत्तरावं लागलंय तुला, बाविसावं नव्हे."

"किलोमीटर मला सांगू नकोस," आत्या दगडावर बसत म्हणाली. "पाण्याला इथवर यायला रित्या नदीत पासष्ट मिनिटं लागतात. भरल्या नदीत अडतीस. आपल्याला अडीच तास लागले, कारण तू गोगलगाय आहेस."

"मी? नाडी कुणाची सुटतेय दर दगडाला?"

"नाडी माझी सुटते, पण तोंड तुझं चालतं. शाळेत पोरं कशी सहन करतात, मास्तरीणबाई, देव जाणे."

भाची खाली बसली आणि तिनं आत्याच्या बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून बांधली. लहानपणी शाळेत जाताना आत्या तिची बांधायची, तशीच. मग दोघी नदीकडे बघत बसल्या. पावसाळा संपून तीन महिने झाले होते. नदी एका कडेला सरकून पातळ झाली होती, आजारातून उठलेल्या माणसासारखी.

आत्याला नदीकाठचं अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगताच आलं नाही. बाजार किती लांब, तर पाण्याला पाऊण तास. तुझ्या शाळेचं मैदान, तर वीस मिनिटं. डोंगराकडच्या गावांना पाणी वाहत जात नाही, म्हणून ती गावं तिच्या लेखी या जगात नव्हतीच. यात नवल काही नव्हतं. आयुष्याची बत्तीस वर्षं ती धरणाच्या नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसली होती.

ती खोली भाचीनं लहानपणापासून पाहिलेली. दोन खिडक्या. एकीतून तलाव दिसायचा, दुसरीतून दरवाज्यांची रांग. टेबलावर वायरलेसचा संच, काळा फोन, संदेशांची जाडजूड नोंदवही. भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली चौकटीत बसवलेला तक्ता. धरणातून सोडलेलं पाणी खालच्या कुठल्या ठिकाणी किती वेळात पोचतं, त्याचा. दर तासाला भिंतीवरच्या पट्टीवर तलावाची पातळी वाचली जायची, आत्या ती लिहून घ्यायची आणि खालच्या सगळ्या चौक्यांना सांगायची. दरवाजे उघडायचे असले की आधी सायरन, मग पंधरा मिनिटं थांबायचं, मग दरवाजे. फोन कुणाचाही येवो, वेळ, विचारणारा, काय विचारलं आणि काय सांगितलं, हे चारही वहीत उतरवायचं. आत्याची वही म्हणजे पंचांग. मिनिटाचा फरक नाही. म्हणून सगळे तिला घड्याळबाई म्हणायचे. निवृत्त झाली तेव्हा कचेरीनं तिला भेट काय द्यावी? भिंतीवरचं घड्याळ. "बत्तीस वर्षं याच्याकडे बघून डोळे गेले, आणि हे घरी घेऊन जा म्हणतात," असं म्हणत ती ते छातीशी धरून घरी आली होती.

मागून सायकलवरून एक म्हातारा आला. धरणावर दरवाजे चालवायचा तो. आत्याला बघून त्यानं ब्रेक दाबला.

"घड्याळबाई! किती वाजले?"

"तुझे बारा वाजलेत. सायकल कुरकुरतेय की गुडघे?"

"दोन्ही. कुठं निघालात पायी?"

"फरशीवर."

म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू विरलं. त्यानं एकदा भाचीकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात फोडणार म्हणे," एवढंच बोलला आणि पायडल मारून पुढे गेला.

फरशी म्हणजे तेराव्या दगडापाशी असलेला जुना, बसका पूल. कठडे नाहीत, नुसती दगडी फरशी नदीवर आडवी टाकलेली. बाजूला आता उंच नवा पूल झाला होता, आणि जुना फोडून टाकायचं ठरलं होतं. आत्यानं ते पेपरात वाचलं आणि त्याच दिवशी फर्मान काढलं, "रविवारी सुट्टी आहे ना तुला? धरणापासून फरशीपर्यंत चालत जायचं. पाणी जातं तसं. गाडीनं नाही."

भाची का कू न करता तयार झाली. तिचे वडील त्या फरशीवरून वाहून गेले होते. पंचवीस वर्षांपूर्वी. ती नऊ वर्षांची होती.

तिच्या वडिलांची गोष्ट गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. धरणातून पाणी सुटणार असलं की काठावर बसवलेल्या मोटारी काढून वर आणायचं कामही त्यांचंच. त्या दिवशी सायरन झाला, सगळ्यांनी ऐकला, तरी हा माणूस पलीकडची एक मोटार आणायला फरशी ओलांडून गेला. परतताना पाणी आलं. चौकशी झाली. अहवालात एक ओळ होती: 'सायरनचा इशारा मिळूनही संबंधित व्यक्ती पुलावर गेली.' त्या एका ओळीवर भाचीचं घर पुढं पंचवीस वर्षं उभं होतं.

आई ती ओळ विसरली नाही. मरेपर्यंत म्हणायची, "सायरन ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस. एका मोटारीपुढं त्याला घर दिसलं नाही." दुःख रागाआड ठेवलं की ते नासत नाही, टिकतं. आईचं टिकलं. नवऱ्याचा फोटो तिनं भिंतीवर लावला नाही, कपाटात ठेवला. आणि भाची? ती मोठी होऊन त्याच गावात शिक्षिका झाली. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती वर्गातल्या मुलांना समोर बसवून सांगायची, "सायरन ऐकला की पुलाकडे फिरकायचं नाही. माझे वडील गेले. तुम्ही जाऊ नका." मुलं गप्प व्हायची. तिला वाटायचं, वडिलांचा निदान एवढा तरी उपयोग. रोज सकाळी ती देवापुढे हात जोडायची, सगळ्यांसाठी काही ना काही मागायची. वडिलांपाशी आलं की अडायची. जाणूनबुजून गेलेल्या माणसासाठी काय मागायचं?

आत्या भावाच्या घरी राहायला आली ती त्याच वर्षी. आली आणि राहिली. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, घर धरणाच्या वसाहतीतली एक खोली. ती सोडून ती रोज तेरा किलोमीटर येजा करायला लागली. भाचीचा अभ्यास, आईचं आजारपण, छपराची गळती, सगळं तिनं अंगावर घेतलं. लोक म्हणायचे, नणंद असावी तर अशी. आई म्हणायची, "वन्सं, तुमचे उपकार कुठं फेडू?" तेव्हा आत्या ताटावरून उठून जायची. हात धुवायला गेली असं सगळ्यांना वाटायचं.

नवव्या दगडापाशी एका झाडाखाली दोघींनी थर्मासमधला चहा घेतला. भाचीनं उकडलेली अंडी सोलून दिली. आत्यानं अर्धं अंडं खाल्लं आणि बाकीचं कागदात गुंडाळून ठेवलं.

"इथं चौऱ्याऐंशी मिनिटं," ती म्हणाली. "भरल्या नदीत एकोणपन्नास."

भाचीला हसू आलं. मग ते थांबलं. सकाळपासून प्रत्येक दगडापाशी आत्या दोन वेळा सांगत होती. पण लहानपणी, बाबा असताना, आत्याच्या मांडीवर बसून ती तक्ता वाचायची तेव्हा त्यावर एकच रकाना होता. तिला नीट आठवत होतं. ती त्यावरूनच घड्याळ शिकली होती.

"आत्या, तक्त्यावर पूर्वी एकच वेळ असायची ना? दुसरा रकाना कधी आला?"

आत्यानं कपातला उरलेला चहा गवतात ओतला. कप पुसला. थर्मासवर बसवला.

"चल," ती म्हणाली. "चालता चालता सांगते. बसून सांगायला जमणार नाही."

दहावा दगड आला. वाटेत एक टिटवी ओरडत त्यांच्या डोक्यावरून दोनदा फिरून गेली.

"वर्षातल्या प्रत्येक तारखेला तलाव किती भरलेला असावा याची एक रेघ ठरलेली असते," आत्यानं सुरुवात केली, जणू कुणा नवख्याला काम शिकवत होती. "रेघेवर गेला तर पूर झेलायला जागा राहत नाही. रेघेखाली राहिला तर उन्हाळ्यात लोकांच्या नळाला पाणी नाही. या दोन शिव्यांच्या मधून साहेबाला चालावं लागतं. त्या दिवशी तलाव रेघेच्या वर हातभर होता. साहेब म्हणाले, सकाळी दोन दरवाजे उघडू, नदी भरू दे सावकाश, मग बघू. दोन उघडले. नदी फरशीखाली हातभर आली. लोक फरशीवरून येत-जात होते. दुपारी वरच्या धरणाचा संदेश आला, त्यांनी एकदम सोडलं होतं. मग आमचा इलाज नव्हता. बारा पंचावन्नला सायरन. एक दहाला आणखी सहा दरवाजे."

"हे मला माहीत आहे."

"एक वीसला फोन आला, हे तुला माहीत नाही."

भाचीचे पाय थांबले. आत्या थांबली नाही. तिला गाठायला भाचीला चार पावलं पळावं लागलं.

"तुझ्या बापाचा फोन. काठावरच्या दुकानातून. म्हणाला, ताई, सायरन ऐकला. पलीकडं एक मोटार राहिलीय, तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ती एकट्यानं निघायची नाही. किती वेळ आहे? मी मान वर केली. तक्ता बघितला. बघायचीही गरज नव्हती, पाठ होता. फरशी, दोन तास. म्हणजे तीन दहाला पाणी. त्यातून मी नेहमीसारखा अर्धा तास कापला. म्हटलं, दोन चाळीसला या काठावर हवास. तो म्हणाला, हो गं घड्याळबाई. हसला. फोन ठेवला."

वारा नदीवरून येत होता. भाचीला हातातला थर्मास जड वाटायला लागला.

"तो तक्ता ज्या वर्षी केला," आत्या म्हणाली, "त्या वर्षी नदी कोरडी होती. कोरड्या नदीत पाणी आधी खड्डे भरतं, दगडादगडाशी थांबतं, वाळू पिते. दमानं येतं. पण आधीच भरलेल्या नदीवरून नवं पाणी घसरत येतं. त्याला अडवायला काही नसतं. दोन तासांचं अंतर ते सत्तर मिनिटांत कापतं. तक्त्यात हे नव्हतं. साहेबाला माहीत नव्हतं. पण मला कळायला हवं होतं, पोरी. सकाळचे दोन दरवाजे माझ्याच हातानं वहीत लिहिले होते मी. नदी भरली आहे हे मी लिहिलं होतं, आणि भावाला रित्या नदीची वेळ सांगितली."

"दोन वीसला फरशीच्या चौकीवरच्या माणसाचा वायरलेस आला," ती पुढं म्हणाली. " पाणी फरशीवर चढलं. मी त्याला म्हटलं, नीट वाच. अजून पन्नास मिनिटं आहेत, असं होऊ शकत नाही. परत वाच. मी भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, बाई, तक्ता तुमच्यापाशी आहे, पाण्यापाशी नाही. आणि मग तो बोलायचा थांबला. त्यानं कुणालातरी हाक मारल्यासारखं ऐकू आलं."

अकरावा दगड आला आणि मागे पडला. त्या दगडाची वेळ आत्यानं सांगितली नाही.

"तुझा बाप फरशीच्या मधोमध होता," ती म्हणाली. "मोटार हातगाडीवर. दोन वीसला. मी त्याला दोन चाळीस सांगितलं होतं. वीस मिनिटं आधीच निघाला होता तो. मी सांगितलेल्यापेक्षाही वीस मिनिटं आधी."

भाची बोलली ती तिला स्वतःलाही अनोळखी आवाजात.

"वहीत असेल ना ते? तू तर सगळं लिहायचीस."

"फोन ठेवला आणि वायरलेस बोलायला लागला. म्हटलं, हे झालं की लिहिते. एक ओळ मोकळी सोडली त्याच्यासाठी, आणि खाली पुढच्या नोंदी लिहीत गेले. मग दोन वीस झाले. मग हात चालला नाही. चौकशीवाल्यानं त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. हे काय, बाई? मी म्हटलं, चुकून सुटली. इतक्या वर्षांत एकच ओळ चुकली म्हणून त्यानं माझं कौतुक केलं."

"आईला तरी सांगायचंस."

"हो."

"पंधरा वर्षं तुझ्यासमोर बसून ती बाबांना बोलत होती! तू ऐकत होतीस! मेली ती, आत्या. तो आमचा विचार न करता गेला असं समजून मेली."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू?" आत्या पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "पहिल्या दिवशी सांगायला गेले, तर ती बेशुद्ध होती. तेराव्या दिवशी गेले, तर तिनं माझ्या गळ्यात पडून सांगितलं, वन्सं, आता तुमचाच आधार. त्यानंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड झाला. मला वाटलं, तिला सांगितलं तर ती मला घराबाहेर काढेल. आणि मग तू? तुझा अभ्यास? तू आजारी पडलीस तर? अशी मी स्वतःला गोड गोड कारणं देत राहिले. खरं कारण एकच होतं. मला तिच्या हातचा चहा हवा होता."

भाची तिथंच रस्त्याच्या कडेला बसली. तिला वर्ग दिसत होता. चाळीस मुलं मांडी घालून, आणि समोर उभी राहून ती, स्पष्ट, मोठ्या आवाजात: माझे वडील गेले, तुम्ही जाऊ नका. नऊ वर्षं. नऊ वर्षांत किती मुलं झाली? त्या साऱ्या मुलांच्या डोक्यात तिनं एक बेफिकीर माणूस बसवला होता. आणि तो माणूस फोन करून विचारून, मिळालेल्या वेळेतलीही वीस मिनिटं हातची राखून निघाला होता.

आत्या उभीच राहिली. भाचीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून तिनं हात पुढं केला आणि मागे घेतला. तो हक्क आता आहे का, हे तिला कळत नव्हतं.

"दोन वर्षं साहेबाच्या मागे लागले," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी नदीकाठी बसून मोजलं. एक दरवाजा, दोन दरवाजे, चार. प्रत्येक दगडाला. साहेब वैतागले. म्हणाले, बाई, तुम्हाला काय खूळ लागलंय? शेवटी दुसरा रकाना छापला. भरली नदी. त्यावर त्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. मी उभी राहून नमस्कार केला. तुझी आई पहिल्या रांगेत होती."

"साहेबानं तलाव रेघेच्या वर ठेवला होता," भाची गुडघ्यात तोंड घालून म्हणाली. तिला कुणीतरी दुसरा हवा होता. कुणीही.

"साहेबाची चूक साहेबापाशी. माझी माझ्यापाशी."

मग भाची उठली, कपडे झटकले आणि काही न बोलता चालायला लागली. आत्या चार पावलं मागे. नाडीची गाठ या वेळी सुटली नाही.

फरशीवर एका टोकाला लाल कापड बांधलेला बांबू आडवा टाकला होता. पलीकडे पुलाच्या मध्यावर खडूनं फुल्या मारल्या होत्या, कुठं फोडायचं त्याच्या. खालून पाणी वाहत होतं, घोटाभर, स्वच्छ, तळाचे गोटे मोजता येतील असं. आत्यानं बांबू ओलांडला. भाचीनं तिचा दंड धरला, सवयीनं, आणि मग सोडला नाही. सोडावा असं वाटलं होतं, पण दगड गुळगुळीत होते आणि म्हातारी बाहत्तर वर्षांची होती.

मधोमध दोघी थांबल्या. भाचीनं हात जोडले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला वडिलांसाठी देवाकडे काही मागायचं होतं; पण ओठांवर आलं ते वडिलांकडेच मागायचं होतं. क्षमा. स्वतःसाठी, आणि आईसाठी, जिला आता ती मागता येणार नव्हती. आत्यासाठी काय मागावं, हे तिला सुचलं नाही. ती खोटं मागणार नव्हती. तिनं ते देवावर सोडलं.

डोळे उघडले तेव्हा आत्या पाण्याकडे बघत होती.

"मी तुझ्याकडे माफी मागायला आणलेलं नाही तुला," ती म्हणाली. "ते तुझं तू बघ. जमलं तर जमलं. पण पूल फुटला की इथं काही उरणार नाही. वही कधीच रद्दीत गेली. दरवाजेवाल्या म्हाताऱ्याला संशय आहे, पण तो बोलायचा नाही. मी गेले की त्या ओळीत काय होतं ते सांगणारं कुणी नाही."

"मग आता काय करू मी?"

"तू लिहितेस. शाळेच्या अंकात लिहितेस, पेपरातही दोनदा आलंय. माझ्यावर लिही. घड्याळबाईवर. वाईट लिही, बरं लिही, तुझ्या मनाला येईल ते. पण ती ओळ आधी भर. वहीत लिहितात तशीच. वेळ, दुपारी एक वीस. विचारणारा, मोटार दुरुस्तीवाला. विचारलं, किती वेळ आहे. सांगितलं, दोन चाळीस." ती सरळ उभी राहिली, वायरलेससमोर बसायची तशी. "आणि उद्या शाळेत गेलीस की मुलांना सांग. त्यानं विचारलं होतं, एवढं सांग."